आबांचा राहिलेला निरोप

संबळवाले आबा ताल कानानं ऐकत नसत, पायानं ऐकत. कुठं काही वाजायला लागलं, की बोलणं तिथंच सोडायचे, वहाणा काढून बाजूला ठेवायचे आणि त्या तालावर गोल चालायला लागायचे. दोन-तीन फेऱ्यांत निकाल. पाय बिनघोर पडत राहिले तर नुसती मान हलवायचे. कुठं अडखळले तर म्हणायचे, "लंगडतंय." पुढं काही समजावणं नाही की गोड बोलणं नाही. माझे निदान पन्नास लूप त्यांनी लंगडे ठरवले असतील आणि एकदाही त्यांचं चुकलं नव्हतं. हे मी आज कबूल करतोय. तेव्हा तोंडातून निघत नव्हतं.

सातारला एमआयडीसीच्या रस्त्याला माझं साउंडचं दुकान आहे. लग्न, हळद, साखरपुडा, वाढदिवस. स्पीकरपासून जनरेटरपर्यंत सगळा लवाजमा आपला. काही वर्षांपूर्वी मला हौस आली आणि पुण्याच्या एका वादकाकडून मी जुना सॅम्पलर उचलून आणला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो. पाटाएवढं यंत्र, त्यावर सोळा रबरी चौकोन, त्यांना पॅड म्हणायचं, आणि तळहाताएवढा पडदा. समोरचा आवाज आत घ्यायचा, हवा तेवढा तुकडा कापायचा, पॅडवर बसवायचा. बोट ठेवलं की तो तुकडा संपला की पुन्हा पहिल्यापासून, संपला की पुन्हा पहिल्यापासून, असा न थकता फिरत राहतो. हाच लूप. सांगायला सोपं आहे हो! पण एकेका बटणाच्या पोटात चार-चार याद्या आणि सोबतचं पुस्तक गायब. एकदा तीन तास खपून बसवलेलं सगळं लाईट जाताच पुसलं गेलं, कारण सेव्ह वेगळं करावं लागतं हेच मला ठाऊक नव्हतं. बायको म्हणाली, "माझ्याकडं तरी कधी एवढं टक लावून बघितलंत का?"

अशाच एका दुपारी मी ढोलकीचा एक तुकडा फिरवत बसलो होतो. बाहेर नजर गेली तर दुकानासमोर एक म्हातारा अनवाणी गोल गोल फिरतोय. धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर पिशवी. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. पाण्याची बाटली घेऊन धावलो.

"पाणी नगं," ते म्हणाले. "तुझी ढोलकी लंगडतीया रं."

मला राग आला. मी म्हणालो, "आबा, मशीन आहे ते. मशीन कसं लंगडेल?"

"मशीन न्हाई लंगडत. कापणारा लंगडतोय."

हे आमचं पहिलं बोलणं. आबा उंब्रजचे, घराणं गोंधळ घालणारं, संबळ त्यांच्या आज्यापासून घरात. डोळे तपासायला सातारला आले होते आणि एसटीची वाट बघत होते. त्या दिवशी त्यांच्या तीन एसट्या गेल्या. दुकानात येऊन ते खुर्चीवर काही बसले नाहीत. मी तुकड्याचा शेवट केसभर पुढं-मागं करायचा आणि त्यांनी फरशीवर फेऱ्या मारायच्या. "पाय उचललेला हाय तवर कापतोस. म्हणून दुसरा पाय पडायला जागाच न्हाई. टेकू दे की त्याला. टेकला की काप." परदेशी माणसांचे व्हिडिओ बघून दोन महिन्यांत जे कळलं नव्हतं, ते या एका वाक्यात कळलं. तुकडा शेवटच्या ठोक्यावर संपत नाही. पुढचा ठोका पडायच्या क्षणापर्यंत जी रिकामी जागा असते, तीही त्याचीच असते.

दुसरी अडचण होती सांध्याची. तुकडा जिथं स्वतःला येऊन मिळतो तिथं बारीक टक् असा आवाज यायचा. आबा त्याला खडा म्हणायचे. जेवताना भातात लागावा तसा त्यांचा चेहरा व्हायचा. "खडा लागला बघ. निवडून काढ." मग मी तो आवाज पडद्यावर मोठा करून, जिथं तो पार निवलेला असेल तिथं कात्री लावायला शिकलो. आबांनी यंत्राला कधी बोट लावलं नाही. "त्येला तुझा हात बास हाय," म्हणायचे. "माझा पाय घे लागला तर."

महिन्यातून दोनदा तरी ते यायचे. पंच्याहत्तरी उलटलेली, त्यामुळं एसटीचा प्रवास फुकट, आणि त्याचा त्यांना लहान पोरासारखा आनंद. "सरकार म्हणतंय फिर, मग फिरतो." मुलगा फौजेत, तिकडं लांब. घरी सून आणि नात. संबळ शिकायला कुणी नाही. पण त्याचं रडगाणं त्यांनी माझ्याजवळ कधी गायलं नाही. चहा मात्र बशीतूनच आणि दोनदा घ्यायचे.

मग मीच त्यांना म्हणालो, "आबा, तुमचा संबळ घेऊ की मशिनीत." ते लगेच हो म्हणाले नाहीत. पुढच्या फेरीला आले आणि म्हणाले, "घे. पर अर्धं घ्यायचं न्हाई. आमच्यात एक रीत हाय. आधी समद्यांना बोलवायचं. औंधच्या आईला, मांढरच्या आईला, पालीच्या खंडोबाला, म्हसवडच्या नाथाला. वाटंवरलं, येशीवरलं, ज्येंचं नाव ठावं न्हाई त्येंनाबी. आन् शेवटाला एकेकाला निरोप द्यायचा. बोलावून निरोप न्हाई दिला तर ती तिष्टत ऱ्हात्यात. आपल्या दारात पाव्हणा असा ठेवशील का तू?"

"नाही ठेवणार, आबा," मी म्हणालो. त्या क्षणी मी ते खरंच म्हणालो होतो.

रेकॉर्डिंगच्या दिवशी आबा धुतलेलं धोतर नेसून सकाळच्या एसटीनं आले. आल्या आल्या संबळाची जोडी माझ्या टेम्पोच्या बॉनेटवर उन्हात ठेवली, कातडं तापेपर्यंत. मी ट्रकांचा आवाज नको म्हणून शटर खाली ओढलं, पंखा बंद केला, माईक लावला. त्यांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि जोडी कमरेला बांधून उभे राहिले. हातात ती वाकडी काडी. मला म्हणाले, "मधी थांबवू नगंस. थांबवलं तर पयल्यापासनं घ्यावं लागंल."

मी बटण दाबलं, लाल दिवा लागला आणि आबांनी सुरुवात केली. काय सांगू! त्या दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत माझ्या अंगावर काटा आला. हाक मारायची तर अशी. आईला यावं म्हणताना त्यांचा आवाज वर जाऊन जरासा फाटायचा आणि बरोबर तिथं धाकट्या संबळावर काडी पडायची.

आणि मिनिटभरात लाल दिवा विझला.

आदल्या दिवशी मी सरावासाठी यंत्राला आठ आवर्तनांची मर्यादा घालून ठेवली होती. तेवढी झाली की ते आपोआप थांबतं. ती काढायची विसरलो होतो. शिकाऊ माणसाची साधी चूक. तेवढ्यापुरतीच असती तर मी आज हसून सांगितली असती. पण मी दिवा विझलेला पाहिला. आबांचे डोळे मिटलेले होते. पहिल्यांदा मला वाटलं, हात करावा. मग वाटलं, पहिल्यापासून म्हणायला लावलं तर अर्धा दिवस जाईल. आणि मग, हे लिहिताना मान वर होत नाही, पण वाटलं ते असं होतं: मला पाहिजे तेवढं आलंय. ही सुरुवातीची हाक, हा फाटलेला आवाज, ही काडी. बाकीचं कुणाला हवंय?

पाऊण तास आबा म्हणत होते आणि मी विझलेल्या यंत्रासमोर मान डोलावत उभा होतो. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. शेवटी त्यांनी एकेकाचं नाव घेऊन निरोप दिला, आवाज उतरत उतरत अगदी बोलण्याइतका हळू झाला, संबळावर नुसती बोटं राहिली. मी ते ऐकलंसुद्धा नाही. मनात लूप कापत होतो. डोळे उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "निरोप आला न्हवं ह्यात?"

"आला आबा. सगळं आलं."

त्यांनी यंत्राला हात लावून तो कपाळाला लावला. ती हळद सातव्या पॅडच्या खाचेत अजून आहे. पुसून जात नाही, आणि खरं सांगायचं तर मी कधी नेट लावून पुसलीही नाही.

तो लूप लय चालला. हाक कापून मी खाली दणदणीत ठेका घातला. आबांनी शिकवलं होतं त्याप्रमाणे टेकलेल्या पायावर कापला होता, सांध्यात एक खडा नव्हता. वाईपासून विट्यापर्यंत हळदीला तोच लागायचा. बायका, पोरं, फौजेतून सुट्टीवर आलेले जवान, सगळे नाचायचे. लोक विचारायचे, हे कुणाचं? मी म्हणायचो, आपलंच. बोर्डावर माझं नाव मोठं झालं. आबांचं नाव त्यावर कुठंही नव्हतं.

आबांनी तो पहिल्यांदा ऐकला उंब्रजमध्येच, शेजारच्या हळदीत. दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायच्या आधी पायरीवर बसलेले. रागावले नव्हते. चेहरा काळजीचा होता, घरात कुणी आजारी असावं तसा.

"निरोप कुठाय रं?"

"आहे की आबा. पुढं आहे. लोक तिथंवर ऐकत नाहीत."

"न्हाई ऐकली तर न्हाई ऐकली. त्येंच्यासाठी न्हाईच ते. तू शेवटाला लावत जा म्हंजी झालं."

"लावतो," मी म्हणालो. म्हणजे एका खोट्यावर दुसरं खोटं, तेही सकाळी सकाळी, देवाला उदबत्ती लावता लावता.

दोन-तीन कार्यं त्यांनी बघितली असावीत. मग त्यांना कळलं. मला खोटा म्हणाले नाहीत. संबळ पिशवीत घालून आले आणि एवढंच बोलले, "ऱ्हायलेलं घे गड्या. घटकाभराचं काम हाय." मी म्हणालो, आत्ता सीझन आहे. पुढच्या वेळी म्हणालो, मशीन दुरुस्तीला दिलंय. आणि मशीन माझ्या मागंच, टेबलावर, निळ्या कापडाखाली होतं. नंतर म्हणालो, पावसाळ्यात निवांत बसू. पावसाळा आला तेव्हा मी नवीन लूपच्या मागं लागलो होतो. दरवेळी ते पिशवी उचलायचे आणि म्हणायचे, "बरं. पर इसरू नगंस." संबळाची जोडी काही हलकी नसते. उंब्रजहून आणायची आणि न वाजवता परत न्यायची. मी एकदाही त्यांना स्टँडपर्यंत सोडलं नाही.

पुढच्या सीझनपासून आबा माझ्या कार्यक्रमांना दिसायला लागले. आज कराडला, परवा रहिमतपूरला. मांडवाच्या कडेला, स्पीकरच्या उंच खोक्याशेजारी. नाचत नसत, कुणाशी बोलत नसत. मी सॅम्पलर बंद करून वायरी गुंडाळायला लागलो की ते खोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटायचे आणि निघून जायचे. मी काय समजावं? मी समजलो, म्हातारा जेवायला येतो. घरी सून नीट करत नसेल. आणि मला आपली कीव आली त्यांची, बघा. वाढप्यांना सांगून ठेवलं, या बाबांना ताट द्या.

एकदा मात्र मी जवळ होतो म्हणून दोन शब्द कानावर पडले. "आलासा, हुभं ऱ्हायलासा..." पुढचं जनरेटरच्या आवाजात गेलं. मी विचारलंही नाही, काय म्हणताय म्हणून. खरं तर अंदाज आला होता. पण अंदाज खरा धरला असता तर पुढचं करावं लागलं असतं.

वाईला एका कार्यालयातली हळद. माझा दिवस वाईट गेला होता, एक स्पीकर उडाला होता, मुलीकडचे लोक डोक्यावर बसले होते. लूप थांबवला आणि बघतो तर आबा खोक्यावर हात ठेवून उभे. नवऱ्यामुलाचे मित्र त्यांच्याकडं बघून हसत होते. माझी मलाच लाज वाटली, आणि ती मी त्यांच्यावर काढली. माईक चालू होता. मी म्हणालो, "आबा, जेवण पलीकडं आहे, इकडं नाही!"

सगळा मांडव हसला. आबांनी हात काढला नाही. ओठ हलायचे थांबले नाहीत. त्यांचं संपलं, मग माझ्याकडं आले आणि माईकमध्ये जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "जेवाया न्हाई आलो गड्या. माझं झालं, निगालो." आणि गणपती घाटाकडून स्टँडच्या दिशेनं चालत गेले. माफी मागायला हाक मारायची होती मला. हाक काही तोंडातून निघाली नाही.

त्यानंतरही ते येत राहिले. हे मला जास्त लागतं. नुसते चिडून घरी बसले असते तर मी सुटलो असतो.

मग एका सीझनमध्ये दिसेनासे झाले. वायरी गुंडाळताना माझी नजर खोक्याशेजारी जायची. आठ-पंधरा दिवसांनी उंब्रजच्या एका मांडववाल्यानं सांगितलं, आबा गेले. झोपेतच गेले, त्रास नाही झाला. आठवा दिवस होता. मी टेम्पो काढला आणि गेलो.

सून दारात आली. मी नाव सांगितलं, तर तिचे डोळे भरले. "सातारचं साउंडवालं भाऊ तुमीच व्हय? लय सांगायचं आमाला. तुमच्याबिगर कार्यक्रम संपत न्हाई म्हंत्यात, मानानं बोलवत्यात, म्हणायचं."

मी वहाणा काढून आत गेलो. भिंतीला एक कॅलेंडर होतं. लग्नाच्या तिथींना पेन्सिलीचे गोल आणि बाजूला गावांची नावं: कराड, वाई, औंध, विटा. मांडववाल्यांना विचारून आबा माझ्या तारखा काढायचे. मी ज्या दिवशी वाजवणार, त्या दिवशी एसटी धरायची. ताप असताना विट्याला गेले होते, ती म्हणाली.

"आन् आवं, मी म्हणायची, लग्नाघरी जाताय तर भाकरी कशाला? तर म्हणायचं, न्हाई, बांधून दे. तितं माझं काम ऱ्हायलेलं असतंय, मी पाव्हणा न्हाई. कामावर जाणाऱ्यानं आपली भाकरी न्यायची."

त्या वाईच्या दिवशीही त्यांच्या पिशवीत भाकरी होती. आणि मी माईकवरून काय बोललो होतो! त्यांनी घरात त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. उलट मला मान देऊन ठेवला होता, या घरात, जिथं मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मला त्या भिंतीत गडप व्हावंसं वाटलं.

पाणी आणून तिनं समोर ठेवलं आणि जरा चाचरत म्हणाली, "भाऊ, एक मागू का? तुमच्या मशिनीत त्येंचा आवाज हाय. म्हणायचं, समदं घेतलंय, निरोपासकट. परवा दहावा हाय. ह्यांना सुट्टी मिळाली, येणार हायती, पर ह्यांना काय येत न्हाई. आमच्यात आता कुणालाच येत न्हाई. निरोपाचं तेवढं लावू म्हंते त्येंच्यासाठी. द्याल का?"

म्हणजे शेवटपर्यंत त्यांनी घरी सांगितलं नव्हतं की निरोप त्यात नाही. मी पुन्हा खोटं बोलू शकलो असतो. मशीनचं मेमरी कार्ड खराब झालंय, म्हटलं असतं तरी तिनं विश्वास ठेवला असता. जीभ त्या शब्दापर्यंत गेलीसुद्धा. पण समोर कॅलेंडर होतं.

"वहिनी, निरोप त्यात नाही," मी म्हणालो. "मशीन मधेच बंद पडलं होतं. मी बघितलं होतं. आबांना सांगितलं नाही. ते पाऊण तास म्हणत होते आणि मी त्यांना खोटं सांगितलं, सगळं आलं म्हणून."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिनं विचारलं, "मग काय हाय त्यात?"

"बोलावणं. तेवढंच आहे."

ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मग नगं भाऊ. निरोप द्यायच्या दिवशी कुणाला बोलवायचं?"

दहाव्याला मी गेलो. मागं उभा राहिलो, साउंड लावला नाही.

लूप मी अजून वाजवतो. लोक मागतात, नाही म्हटलं तर कार्य हातचं जातं, आणि मी काही एवढा मोठा माणूस नाही. पण वायरी गुंडाळायच्या आधी वहाणा काढतो, स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवतो. आबांचा आवाज हजार मोबाइलमध्ये आहे, आणि सगळीकडं तो नुसता या, या म्हणतोय. त्या हाकेला आलेले माझ्याभोवती तिष्ठत उभे असतात, असं आता मलाही वाटतं. पोरं हसतात, हसू देत. मी हळू आवाजात म्हणतो, "आलासा, हुभं ऱ्हायलासा..."

त्याच्या पुढचं मला येत नाही.